उन्हाळी लागली, डॉक्टर मोबाईलवर आहे, दाखवू का?

पत्र असं आलं:

"ताई, नाव छापू नका. मी यवतमाळ जिल्ह्यातली, घाटंजीकडची. वय २९, दोन लेकरं आहेत. चार दिवस झाले लघवीला खूप जळते, घडीघडी जावंसं वाटते अन् गेलं की दोन थेंब. ओटीपोट दुखते. ताप नाही. दिवाळीपासून हे तिसऱ्यांदा झालं. आधीच्या दोन वेळा मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या, दोन-तीन खाल्ल्या की बरं वाटलं म्हणून बाकीच्या ठेवून दिल्या, यावेळी त्याच काढून खाल्ल्या तर फरकच नाही. सासूबाई म्हणतात उन्हाळी लागली, धन्याजिऱ्याचं पाणी पी. गावात लेडी डॉक्टर नाही, तालुक्याला गेलं की कापूस वेचणीचा रोज बुडते, अन् पुरुष डॉक्टरला हे सांगायची लाज वाटते. जावेचा भाऊ म्हणते आता मोबाईलवर सरकारी डॉक्टर फुकटात पाहते. पण नुसतं मोबाईलवर बोलून लघवीचा आजार कसा समजेल? औषध देतात का? पाळी आठ-दहा दिवस पुढे गेली आहे, पण माझं ते कधीकधी होते."

बाई, पहिले तुझ्या पत्रातली शेवटची ओळ घेते. पाळी पुढे गेली हे तू असं लिहिलं जसं काही त्याचं याच्याशी देणंघेणंच नाही, पण तुझ्या पूर्ण पत्रात डॉक्टरच्या कामाची सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. डॉक्टर मोबाईलवर असो की समोर खुर्चीत बसलेला असो, गोळी कोणती लिहायची, तपासणी कोणती सांगायची, तुला घरीच ठेवायचं की बोलावून घ्यायचं, हे सगळं त्याच्यावर बदलते. म्हणून बाकी काही करायच्या आधी तुमच्या आशाताईला गाठ. तिच्याकडे गरोदरपण तपासायचं निश्चय किट असते, सरकारकडून फुकट येते. तिच्याजवळ संपलं असेल तर उपकेंद्रावर विचार, तिथंही नसेल तर मेडिकलमध्ये असं किट बिना चिठ्ठीचं मिळते. सकाळची पहिली लघवी स्वच्छ कोरड्या वाटीत घ्यायची, किटवर लिहिले तेवढे थेंब टाकायचे अन् पाच मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर आहे, एकही आली नाही तर किट खराब, दुसरं घ्यायचं. एकच रेघ आली आणि तरी पाळी आली नाही तर आठ दिवसांनी परत तपासजो.

दोन रेघा आल्या तर मोबाईलवर बोलून गोळ्या आणून खायच्या, एवढ्यावर थांबू नको, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाजो. गरोदरपणात लघवीच्या नळ्या सैल पडतात, गर्भाशयाचा दाब येते, त्यामुळे खालचं इन्फेक्शन वर किडनीपर्यंत चढायला वेळ लागत नाही, आणि तसं झालं तर बाळ वेळेआधी होण्याची, वजनानं कमी भरण्याची भीती असते. म्हणूनच गरोदर बाईला जळजळ नसली, काहीच त्रास नसला अन् नुसत्या तपासणीत लघवीत जंतू सापडले तरी डॉक्टर औषध देतात, जे इतर बायांत सहसा देत नाही. शिवाय मेडिकलवाले ज्या सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन अशा गोळ्या काऊंटरवरून देऊन टाकतात त्या गरोदरपणात टाळतात. तू आत्ता जी शिल्लक राहिलेली गोळी खाल्ली ती कोणती होती हे पत्रात नाही, तो पत्ता फेकू नको, जपून ठेव, लागणार आहे. आणि खाऊन गेली म्हणून घाबरून बसू नको, फक्त डॉक्टरला सांगजो.

आता तुझा खरा प्रश्न, मोबाईलवर कसं समजेल. तर ऐक, जे थोडे आजार बोलून बऱ्यापैकी पकडता येतात त्यातला हा एक आहे. छातीत दुखते म्हटलं तर हात लावल्याशिवाय, ईसीजी काढल्याशिवाय काही कळत नाही, पण साध्या युरिन इन्फेक्शनमध्ये समोर गेलं तरी डॉक्टर काय करते? विचारतेच. कधीपासून, जळते का, घडीघडी लागते का, रक्त दिसलं का, ताप आहे का, पाठ दुखते का. धडधाकट बाईला जळजळ आणि घडीघडी लघवी ही दोन्ही नव्यानं सुरू झाली असतील, आणि खाली खाज नाही, अंगावरून नेहमीपेक्षा वेगळं पांढरं जात नाही, तर युरिन इन्फेक्शनच असण्याची शक्यता १०० मध्ये ९० च्या वर जाते, म्हणजे पहिल्यांदा झालेल्या साध्या केसमध्ये डॉक्टर लघवी न तपासताही औषध सुरू करू शकतात आणि जगभर तसं करतात. उलट खाज असेल, दह्यासारखं पांढरं जात असेल, वास येत असेल, तर ते बहुतेक वेगळंच असते, तिथं युरिनच्या गोळ्या खाऊन काहीच होत नाही. बुरशीची खाज असेल तर अँटिबायोटिकनं ती वाढतेच. म्हणून तू पत्रात जे लिहिलं नाही, खाज आहे का, पांढरं जाते का, ते तिथं विचारल्यावर लाजून "नाही" म्हणू नको, खरं आहे तेच सांग.

या लाजेवर मला थोडं बोलायचं आहे कारण मी उपकेंद्रावर सिस्टर होती अन् हे जन्मभर पाहिलं. बाई येते, डोकं दुखते म्हणते, कंबर दुखते म्हणते, गोळी घेते, दारापर्यंत जाते आणि मग मागं वळून हळूच सांगते की सिस्टर, खाली आग होते वो. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली होती, १९८९ साली लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी मासिकात छापून आली, त्यात ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दुखणं घरोघरी होतं, सांगत कोणीच नव्हतं, की विचारत कोणी नव्हतं. आता इतक्या वर्षांनी तुझ्या हातात मोबाईल आला, तिकडं डॉक्टर बसला आहे, आणि तरी जर "पोट दुखते" एवढंच सांगितलं तर तो बिचारा पोटाच्या गोळ्या लिहून मोकळा होईल. मोबाईलवर डॉक्टरला तुझं फक्त बोलणं मिळते, तोंड पाहून ओळखायची सोय तिथं जेमतेमच असते, म्हणून समोर जितकं सांगितलं असतं त्याच्यापेक्षा जास्त सांगावं लागते, कमी नाही. आणि हा काही गुप्तरोग नाही, बाईच्या लघवीच्या नळीची लांबीच चारेक सेंटीमीटर, शौचाच्या जागेपासून जवळ, तिथले ई कोलाय नावाचे जंतू चढून येतात, बहुतेक युरिन इन्फेक्शन यांचंच असते. घरच्यांनी वाकडं बोलायचं यात काहीच नाही.

जावेचा भाऊ ज्याबद्दल सांगते ते ई-संजीवनी. केंद्र सरकारची सेवा आहे, खरंच फुकट आहे, एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन लागला होता तेव्हा घरबसल्या दाखवायची ओपीडी सुरू झाली अन् तेव्हापासून चालू आहे. ई-संजीवनीच्या ॲपवर किंवा वेबसाईटवर मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येते, नाव-वय भरायचं, राज्य निवडायचं, टोकन मिळते, नंबर लागला की डॉक्टर व्हिडिओवर येते अन् बोलणं झालं की चिठ्ठी मोबाईलवरच मिळते. हा झाला घरून दाखवायचा रस्ता. दुसरा रस्ता म्हणजे तुमच्या गावचं किंवा शेजारच्या गावचं उपकेंद्र, ज्याच्यावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर असा बोर्ड लागला आहे. तिथं सीएचओ मॅडम, म्हणजे उपकेंद्राच्या आरोग्य अधिकारी, असतात, त्या त्यांच्या टॅबवरून किंवा कम्प्युटरवरून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरला जोडून देतात आणि तू त्यांच्या बाजूला बसून बोलते.

माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी दुसरा रस्ता. घरून कॉल केला तर काय होईल मला दिसते. मोबाईल बहुतेक मालकाचा, म्हणजे नवऱ्याचा, घर दोन खोल्यांचं, सासू दारात, लेकरं अंगावर, नेटवर्कसाठी अंगणात कडुनिंबाखाली उभं राहायचं आणि तिथं मोठ्यानं सांगायचं की लघवीला जळते. सांगणार का तू? नाही सांगणार. उपकेंद्रात मॅडम दार लोटून घेतात. त्या आधी थर्मामीटर लावतात, बीपी घेतात, वजन घेतात. तुला वाटते ताप नाही, पण अंगात ९९-१०० असला तर घरी कळत नाही. पाठीत बरगड्यांच्या खाली दोन्ही बाजूला हलकेच मारून दुखते का पाहतात, तिथं दुखलं म्हणजे किडनीकडे लक्ष द्यायला पाहिजे, आणि हे काम कोणत्याच मोबाईलला जमत नाही. स्ट्रिप असेल तर लघवीत बुडवून तिथल्या तिथं साखर, प्रोटीन दिसते. मग डॉक्टरला हे सगळं मॅडमच आकड्यात सांगतात, तुझ्यावर अर्धच सांगायचं राहते. मॅडमला आधी सांगजो की लेडी डॉक्टर मिळाली तर बरं, दरवेळी मिळेलच असं नाही, पण विचारल्यावर मॅडम प्रयत्न करतात. आणि समोर पुरुष डॉक्टर आला तरी बाजूला बाई बसलेली आहे हा धीर राहते.

पण उपकेंद्र दूर असेल, मॅडम रजेवर असतील, तर घरून कर, काही हरकत नाही. फक्त व्हिडिओ चालेल अशा जागी बसजो. काहून, तर २५ मार्च २०२० ला सरकारनं टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-व्हिडिओवरून पेशंट पाहायचे, नियम काढले त्यात असं आहे की पहिल्यांदाच दाखवणाऱ्या पेशंटला नुसत्या आवाजावर डॉक्टर साधीसुधी, बिना चिठ्ठीची मिळतात तशीच औषधं लिहू शकते, त्याच्या पुढची लिहायची तर व्हिडिओ लागते. व्हिडिओ दोन मिनिटांत कटला आणि डॉक्टरनं "येऊन दाखवा" म्हटलं तर तो टाळून राहिला असं समजू नको, त्याला नियमानंच तसं म्हणावं लागते, आणि मोबाईलवर हे जमणार नाही असं वाटलं तर तसं सांगायचा त्याला हक्कही आहे.

बसायच्या आधी एका कागदावर लिहून काढ. शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, किटवर काय आलं, किती दिवसांपासून जळते, लघवीत रक्त किंवा लालसर रंग दिसला का, थंडी वाजली का, उलटी झाली का, पाठीत एका बाजूनं दुखते का, खाज-पांढरं आहे का, शुगर किंवा मुतखडा कधी निघाला का, कोणत्या औषधानं अंगावर पित्त उठते का, लहान लेकरू अंगावर पिते का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिवाळीपासून तिसऱ्यांदा आहे आणि आधीच्या गोळ्या अर्ध्या खाल्ल्या. तो अर्धा पत्ता कॅमेऱ्यासमोर धरून नाव दाखवजो. "पांढऱ्या गोल गोळ्या होत्या" यावरून जगातल्या कोणत्या डॉक्टरला काय समजणार?

त्या अर्ध्या पत्त्याबद्दल. तुला राग येईल पण बोलते. मेडिकलवाला वाईट माणूस नाही, रात्री-बेरात्री तोच दार उघडते, पण त्याच्याकडून अशी अँटिबायोटिक घेणं आणि बरं वाटल्यावर सोडून देणं, यातून दोन गोष्टी होतात. एक तर सगळे जंतू मरत नाही, चिवट असतात ते राहतात अन् परत वाढतात. दुसरं, सिप्रोसारख्या गोळ्या आपल्या देशात इतक्या खाल्ल्या गेल्या की ई कोलायवर त्या आता बऱ्याच ठिकाणी चालेनाशाच झाल्या, म्हणून यावेळी तुला फरक पडला नाही याचं मला नवल वाटत नाही. पत्त्यावर उभी लाल रेघ असते पाहा, तिचा अर्थ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, २०१६ मध्ये सरकारनं याची मोहीमही काढली होती. काही अँटिबायोटिक तर अशा यादीत आहेत की त्या विकल्या की दुकानदाराला पेशंटचं अन् डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ते रजिस्टर ठेवावं लागते.

मोबाईलवर औषध देतात का? देतात. साध्या इन्फेक्शनला डॉक्टर बहुतेक नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस देतात किंवा फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची पुडी, जी पाण्यात विरघळून एकदाच घ्यायची. हे मी तुला नाव माहीत असावं म्हणून सांगून राहिली, दुकानात जाऊन मागायला नाही. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणासोबत घ्यायची, उपाशीपोटी घेतली की मळमळते, आणि तिनं लघवी गडद पिवळी, तपकिरी होते, ते पाहून रक्त पडलं म्हणून घाबरायचं नाही. किडनी कमजोर असेल तर ही गोळी चालत नाही, म्हणून डॉक्टरनं किडनीचं विचारलं, क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी करायला सांगितली तर उगाच खर्चात पाडून राहिला असं म्हणू नको. चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर असलाच पाहिजे, मेडिकलवाला मोबाईलवरची चिठ्ठी चालत नाही म्हणाला तर त्याला तो नंबर दाखव, ती चिठ्ठी कागदाच्या चिठ्ठीसारखीच आहे. जळजळ थांबवायचं जे लाल-गुलाबी सिरप देतात ते आराम पडायला आहे, जंतू त्यानं मरत नाही, तेवढंच पिऊन बसू नको.

पण तुझं प्रकरण आता साधं राहिलं नाही. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की डॉक्टर त्याला परत-परत होणारं इन्फेक्शन म्हणतात, आणि तिथं अंदाजानं गोळी बदलत बसण्यात अर्थ नाही, लघवीचं कल्चर करावं लागते. म्हणजे लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून त्याच्यावर कोणतं औषध चालते ते पाहतात, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. मोबाईलवरच्या डॉक्टरनं स्वतःहून सांगितलं नाही तर तूच विचार, "डॉक्टरसाहेब, तिसरी वेळ आहे, कल्चर करू का?" साधी लघवी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रावर होते. कल्चरचा नमुना तिथून पाठवतात का ते विचारून घे, नाहीतर यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, वर्ध्याकडे माहेर-बिहेर असेल तर सेवाग्रामचा कस्तुरबा दवाखाना आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार, तपासण्या फुकट केल्या आहेत, त्यामुळे तिथं पैशाचा घोर सोड, जाण्यायेण्याचं भाडं तेवढं लागेल. पण यवतमाळचं मेडिकल कॉलेज आणि सेवाग्राम त्या विभागाचे नाहीत, तिथं काय पैसे लागतात ते आधी विचारून घे.

नमुना देतानाची एक गोष्ट नीट ऐक, कारण इथंच बाया चुकतात अन् मग रिपोर्टमध्ये भलतंच येते. घरून बाटलीत भरून, पिशवीत टाकून, काळी-पिवळीत दीड तास उन्हात बसून न्यायचं नाही. लघवी खोलीत राहिली तर दोन तासांच्या आत लॅबला पोहोचायला पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये. म्हणून तिथं जाऊनच दे. आधी साध्या पाण्यानं जागा धुवून घे, पहिली धार सोडून दे, मधली धार लॅबनं दिलेल्या बाटलीत धर, झाकणाला आतून बोट लावू नको. आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्यायच्या आधी दे. आता शिल्लक गोळ्या खाणं आजपासून बंद कर, त्यानं रिपोर्टही बिघडते.

आणि हे झालं तर कल्चर नको, मोबाईल नको, काही नको, सरळ दवाखाना: हुडहुडी भरून ताप आला, पाठीत किंवा कुशीत एका बाजूनं दुखायला लागलं, उलट्या होऊन गोळी पोटात राहत नाही, लघवीत रक्ताच्या गाठी दिसल्या, लघवी बंदच झाली. अशा वेळी रात्र असली तरी १०८ ला फोन लाव. दोन रेघा आल्या असतील तर १०२ पण आहे. इन्फेक्शन किडनीत गेलं तर कधी सुईतून औषध द्यावं लागते, त्यातून रक्तात उतरलं तर जिवावर येते, मी तसे पेशंट गाडीत घालून पाठवलेले आहेत. घरात म्हातारं माणूस, शुगरचा पेशंट, लहान लेकरू किंवा पुरुष यांना लघवीचा असा त्रास झाला तर तेही समोर जाऊनच दाखवायचं, यांचं साधं समजायचं नाही. सासूबाईंना शुगर असेल आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर तिनं लघवीतून साखर जाते अन् खाली बुरशीची खाज सुटते, त्याला उन्हाळी समजून काढा पाजत बसू नका.

सासूबाईंचं धन्याजिऱ्याचं पाणी पी, त्यांचं मन मोडू नको. पाणी पोटात जाऊन राहिलं तेवढं चांगलंच आहे. पण त्यानं हे इन्फेक्शन जाईल म्हणून थांबू नको, चार दिवस झालेच आहेत.

पाण्याचं म्हणशील तर तिथंच या सगळ्याची मुळी आहे. वेचणीत किलोच्या भावानं मजुरी, कमरेचं फडकं भरलं की रिकामं करायला धुऱ्यापर्यंत जायचं, बाकी वेळ मान खाली. सकाळी घरून निघाली की संध्याकाळपर्यंत लघवीला जायची सोय नाही, वावरात माणसं, पऱ्हाटी कमरेच्या वर असली तरी बायांना भीती वाटते, मग उपाय काय तर पाणीच प्यायचं नाही. हे मी सगळीकडे पाहिलं, अन् उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला तरी बाया असंच करतात. अकोल्याकडे, बुलडाण्याकडे खारपाणपट्ट्यात तर पाणीच खारट, तोंडाला लावावंसं वाटत नाही. २०१८ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार युरिन इन्फेक्शन होणाऱ्या १४० बाया घेतल्या, अर्ध्यांना रोज दीड लिटर पाणी जास्तीचं प्यायला लावलं, वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं आणि बाकीच्यांना ३.२ वेळा. नुसत्या पाण्यानं निम्म्यावर आलं! तर वेचायला जाताना दोन लिटरची बाटली तुझी एकटीची घेजो, आणि तुम्ही पाच-सहा जणी सोबत असता ना, दुपारच्या भाकरीच्या वेळी अन् मधात एकदा, दोघी-तिघींनी लुगडं-दुपट्टा आडवा धरायचा आणि पाळीपाळीनं जाऊन यायचं. वावरमालकाला काय वाटेल याची काळजी करू नका, पाच मिनिटांचा तोटा आहे त्याचा. धुताना पाणी समोरून मागं, मागून समोर नाही. नवऱ्याजवळ गेल्यावर उठून लघवीला जाऊन यायचं, आणि आता औषध संपेपर्यंत त्याला थांब म्हण, दुखत असताना सहन करत पडून राहू नको.

एक सावधगिरी. मोबाईलवर "युरिन इन्फेक्शन डॉक्टर" असं शोधलं की दहा नंबर येतात, व्हॉट्सअपवर आधी पैसे पाठवा मग औषध कुरिअरनं पाठवतो म्हणणारे पण असतात. जो आपलं पूर्ण नाव अन् रजिस्ट्रेशन नंबर सांगत नाही, प्रश्न न विचारताच औषध विकते, त्याच्या नादी लागायचं नाही. खासगी डॉक्टरही व्हिडिओवर पाहतात, फी घेतात, त्यात गैर काही नाही, नंबर तेवढा पाहून घेजो. ई-संजीवनीचा ओटीपी कोणी फोन करून मागितला तर द्यायचा नाही.

औषध सुरू झालं की दोन दिवसांत जळजळ बरीच कमी व्हायला पाहिजे. झाली तरी लिहिलेल्या सगळ्या गोळ्या संपवायच्या, एकही डब्यात ठेवायची नाही. नाही झाली तर तिसऱ्या दिवशी परत उपकेंद्रात जाऊन मॅडमला म्हण, जोडून द्या, आणि आधीची मोबाईलवरची चिठ्ठी दाखव म्हणजे नव्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार नाही. कल्चरचा रिपोर्ट हातात आला की त्याचाही फोटो काढून त्याच मोबाईलमध्ये ठेव, कागद घरात हरवतात, आणि मालकाचा मोबाईल असेल तर एक प्रत आशाताईकडे पाठवून ठेवजो.